लाल ठिपक्याची बॅटरी

बाजारात माझ्या नवऱ्याला कोणी नावाने ओळखत नाही. सगळे त्याला शंभर म्हणतात. "शंभर आहे का जागेवर?" "शंभरकडे टाक, तासाभरात देतो." कारण त्याच्या दुकानातून बाहेर पडलेला कुठलाही फोन उघडून बघा, आत बॅटरीची तब्येत शंभर टक्के लिहिलेली असणार. माणसांची तब्येत अशी लिहून देणारा डॉक्टर असता तर त्याच्या दारात रांग लागली असती. रांगेतली माणसं घरी पोचली असती की नाही, ते विचारू नका.

मी त्याची बायको. सतरा वर्षं संसार केलाय, तेव्हा त्याच्याबद्दल वाईट बोलायचा पहिला मान माझा. आणि चांगलंही एक सांगून टाकते, म्हणजे ते संपलं. हात सोन्याचा आहे. बोटं जाडजूड, पण तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक स्क्रू चिमट्याने उचलून असा बसवतो की बघणाऱ्याने श्वास रोखावा. जीभ मात्र देवाने हाडाशिवाय दिली ती दिली, वर लगाम द्यायलाही विसरला.

दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट. आत एक टेबल, त्यावर गरम होणारी पट्टी, एक भिंग, दिवा आणि काचेचं कपाट. मी दुपारी डबा घेऊन जायची आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं सांभाळायची. पूर्वी हे काम सोपं होतं. फोनच्या पाठीला नख लावलं की झाकण निघायचं, जुनी बॅटरी काढा, नवी घाला, गिऱ्हाईकच घरी करायचं. मग कंपन्यांनी बॅटरी आत डिंकाने चिकटवली आणि झाकणालाही डिंक लावला. आता पाठ गरम करायची, प्लास्टिकचं पातं सरकवायचं, बॅटरी वाकू न देता सोडवायची. वाकली की धूर. लोकांना आपल्याच फोनच्या पोटात काय आहे ते दिसायचं बंद झालं, आणि जिथे दिसत नाही तिथे माझ्या नवऱ्यासारख्यांचं फावतं.

बॅटरी म्हातारी होतेच. दोन-तीन वर्षं रोज भरा आणि रोज रिकामी करा, कोण टिकेल? उन्हात तापली, रात्रंदिवस चार्जरला टांगून ठेवली की आणखी लवकर जाते. फोनला बॅटरीचं वय कळतं ते तिच्या टोकाला असलेल्या नखाएवढ्या पट्टीवरून. किती वेळा भरली, किती उरली, सगळा हिशेब ती पट्टी ठेवते. आणि तो हिशेब पुसणारा एक डबा मिळतो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. जुनी बॅटरी त्याला लावा, बटण दाबा, पट्टी सगळं विसरते. म्हातारी पुन्हा कुमारी. फोनला लावली की फोन बिचारा म्हणतो, शंभर टक्के.

आकडा बदलतो, आतला माल तोच राहतो. तिच्याकडून काही मागत नाही तोवर अशी बॅटरी गरीब गाईसारखी असते. पण फोन वाजला, कॅमेरा लावला, जरा जोर पडला की चाळीस टक्क्यांवरून थेट अंधार.

आता घरचा आहेर ऐका. चांगल्या बॅटऱ्या आणि पुसलेल्या बॅटऱ्या दिसायला सारख्या. आपल्याच घोटाळ्यात आपण फसू नये म्हणून पुसलेल्या बॅटरीवर खूण हवी. ती खूण मी करायची. माझं लाल नेलपॉलिश. टोकाच्या पट्टीच्या मागे एक ठिपका, मोहरीएवढा. दुपारी स्वयंपाक उरकला की वर्तमानपत्रावर ओळीने मांडायच्या, ठिपके द्यायचे, वाळवायचे. नखांना लावायला मला सवड नव्हती, म्हातारड्या बॅटऱ्यांना लावत बसायची. त्यातल्या आम्ही ठेवायचो थोड्या, बाकीच्या बाजारातल्या इतर दुकानदारांना जायच्या. बसथांब्यामागे एक चष्मेवाला बसतो, तो दर महिन्याला डझनभर न्यायचा. चांगल्याही न्यायचा म्हणा थोड्या, तोंडदेखल्या.

या धंद्याची एक सवय नवऱ्याला लागली होती, ती नीट ऐकून ठेवा. तो अनोळखी नंबर उचलत नसे. ज्यांचे फोन बंद पडत ते दुसऱ्याच्या फोनवरून शिव्या द्यायला फोन करत ना. स्क्रीनवर नाव नसलेला नंबर दिसला की तो फोन पालथा घालायचा आणि म्हणायचा, "वाजू दे. दमेल."

आणि दुसरी सवय म्हणजे त्याचा विनोद. वयस्कर गिऱ्हाईक आलं की ठरलेला. "आजोबा, नवी बॅटरी कशाला? तुमच्यापेक्षा जास्त टिकेल ती!" आजोबाही हसायचे. हसून पैसे काढायचे. सतरा वर्षं मी तो विनोद ऐकला आणि सतरा वर्षं मला वाटलं, एक दिवस कोणीतरी याचं तोंड फोडेल. कोणी फोडलं नाही. जग फार सोशिक आहे हो.

त्याची मोठी बहीण, आमच्या ताई, याच जगातल्या. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ताई पंधराच्या. त्यांनी शाळा सोडली, एका शिवणकारखान्यात काजं करायला लागल्या, आणि याला वाढवला. लग्न केलं नाही. "राहून गेलं," म्हणायच्या, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी तसं. याने पहिला रेडिओ खोलला तो ताईंच्या शिलाई मशीनच्या डबीतल्या छोट्या पेचकसाने. तो पेचकस अजून टेबलावर आहे. मूठ झिजून गेलीय, पण दुसऱ्याला हात लावू देत नाही.

पन्नाशीत ताईंच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनवर रक्त धुवून घ्यायचं आणि उरलेल्या दिवशी काजं करायची. किडनी द्यायची तर याला साखर, माझा रक्तगट जुळेना, मग ताईंचं नाव इस्पितळाच्या यादीत गेलं. कोणी तरी मरावं आणि त्याच्या घरच्यांना देण्याची बुद्धी व्हावी, याची वाट बघायची. नाव लिहून घ्यायला गेलो तेव्हा मीच सोबत होते. तिथल्या बाई बोटावर मोजून सांगत होत्या.

"फोन कधीही येईल. आला की तासाभरात हो म्हणायचं आणि निघायचं. फोन लागला नाही तर आम्ही पुढच्या नावाला करतो. आम्हालाही थांबता येत नाही. दोन नंबर द्या."

ताईंनी पहिला स्वतःचा दिला, दुसरा भावाचा. मी म्हटलं, "ताई, माझा द्या ना." त्या म्हणाल्या, "त्याचं दुकानच फोनचं, त्याचा कधी बंद राहील का?" मी तोच नंबर लिहू दिला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "अहो, आता अनोळखी नंबरही उचलायचा बरं का." तो म्हणाला, "हो हो." पालथ्या घड्यावर पाणी.

दोन वर्षं गेली. ताई यादीत वर वर सरकत होत्या आणि तब्येतीने खाली खाली. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकत चाललंय, फार वाट बघता येणार नाही. त्यांचा फोनही थकला. सकाळी भरलेला दुपारी रिकामा. इस्पितळात गेल्या की आधी भिंतीला प्लग शोधायच्या, मग खाट. बसमध्ये असल्या की फोन छातीशी धरून बसायच्या. एका हाताची शीर मशीनच्या सुयांनी दोरखंडासारखी फुगलेली, दुसऱ्या हातात तो फोन. शेवटी एका दुपारी दुकानात आल्या.

दुकानात तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. ताई कडेला उभ्या राहिल्या, आपला नंबर येईपर्यंत. मग म्हणाल्या, "बाळा, माझी बॅटरी बदलून दे रे. चांगली टाक."

त्याने भिंगातून डोळा काढला नाही. सवयीने तोंडातून निघालं ते निघालंच. "नवी कशाला ताई? तुझ्यापेक्षा जास्त टिकेल ती!"

चारही गिऱ्हाइकं हसली. ताईही हसल्या. सगळ्यात आधी त्याच हसल्या, तेच मला सहन झालं नाही. त्याच्या कानात आपण काय बोललो ते शिरलं तेव्हा तो लाल झाला, पण लोकांसमोर माघार घ्यायची म्हणजे याला मरण. वर म्हणतो, "बस, हातातलं काम संपवून बघतो." ताई म्हणाल्या, "घाई नाही, येते नंतर," आणि फोन पिशवीत टाकून पायऱ्या उतरून गेल्या.

त्या दिवशी घरी मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने जेवणाचं ताट सरकवलं. तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. हे तीन दिवसही लक्षात ठेवा.

दुसऱ्याच दिवशी ताई माझ्याकडे घरी आल्या. चेहरा खुललेला. फोन माझ्यासमोर धरला. "बघ गं, शंभर टक्के! त्याला कशाला त्रास, त्याच्या मागे किती कामं. बसथांब्यामागे एक चष्मेवाला आहे, दहा मिनिटांत घालून दिली. भला माणूस."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

मला कळलं का? कळलं. खात्री नव्हती, हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय. चष्मेवाला चांगल्याही न्यायचा ना! पण बारा लाल आणि तीन चांगल्या, असा त्याचा नेम, तो मला पाठ. एक वाक्य बोलायचं होतं. ताई, ती काढा, मी आज घरातली चांगली घालून आणते. मग ताईंनी विचारलं असतं, का गं? आणि मला सांगावं लागलं असतं की तुम्ही काजं करून वाढवलेला तुमचा बाळ काय विकतो आणि त्यावर ठिपके कोण लावतं. ताईंच्या डोळ्यांत तो अजून रेडिओ खोलणारा मुलगा होता. आणि मी चांगल्या घरची सून.

मी म्हटलं, "छान झालं हो ताई."

नवऱ्याला सांगायचं, तर अबोला चाललेला. म्हटलं, बोलणं सुरू झालं की सांगू. बोलणं सुरू झालं तेव्हा म्हटलं, आता कशाला पुन्हा तोच विषय काढायचा. मग राहून गेलं. कोथिंबीर आणायची राहून जाते ना, तसंच.

एकोणीस दिवस ती बॅटरी चालली. विसाव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, ताई बसमध्ये होत्या. काजं केलेल्या कपड्यांचं गाठोडं पोचवायला निघाल्या होत्या. फोन वाजला. ताईंनी आधी आकडा बघितला, त्यांना सवयच होती. एक्केचाळीस टक्के. मग फोन कानाला लावला.

"हॅलो, मी इस्पितळातून बोलतेय. तुमच्यासाठी..."

आणि अंधार.

ताईंनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. धरून ठेवलं. शेजारच्या बाईकडे फोन मागितला, तिने दिलाही, पण इस्पितळाचा नंबर होता तो मेलेल्या फोनच्या पोटात. भावाचाही तिथेच. पूर्वी नंबर पाठ असायचे, आता कोणाचे असतात? ताईंना पाठ होता तो फक्त कारखान्याचा. पुढच्या थांब्यावर त्या उतरल्या आणि उलट दिशेच्या बसची वाट बघत उभ्या राहिल्या. रिक्षा बघायला धावल्या तर दम लागला आणि फूटपाथवरच बसल्या.

तेवढ्यात इस्पितळाने दुसऱ्या नंबरावर फोन लावला. माझा नवरा टेबलाशी होता. समोर एका फोनची पाठ गरम होत होती. त्याचा फोन वाजला, नाव नसलेला नंबर. त्याने पालथा घातला. पुन्हा वाजला. "दमेल," तो म्हणाला. इस्पितळाच्या बाईंनी सहा वेळा केला. मोजले आहेत मी नंतर. सहा वेळा तो फोन टेबलावर पालथा पडून थरथरला आणि सहा वेळा त्याने तो उलटा केला नाही. मग फोन दमला.

ताई घरी पोचल्या तेव्हा सव्वाबारा झाले होते. चार्जर लावला. पाच मिनिटांनी फोन जिवंत झाला आणि तो हरामखोर काय दाखवतो? एकोणचाळीस टक्के. जणू काही झालंच नाही. ताईंनी इस्पितळात फोन लावला.

त्या बाई वाईट नव्हत्या. "आम्ही खूप प्रयत्न केला हो. पुढच्या नावाला कळवलं. ते निघालेसुद्धा."

ताई रडल्या नाहीत. दुपारी रिक्षा करून दुकानात आल्या, मीही तिथे होते. सगळं सांगितलं, शांतपणे, जणू शेजारणीची गोष्ट. नवऱ्याने आपला फोन उलटा केला. सहा चुकलेले फोन. त्याने ते ताईंना दाखवले नाहीत. त्याने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "मला नाही आला फोन."

"नसेल लागला," ताई म्हणाल्या. "माझंच चुकलं रे बाळा. तुझ्याकडेच आणायला हवा होता. त्या माणसाने काय घातलंय बघ तरी."

त्याने फोन गरम पट्टीवर ठेवला. सोन्याचा हात, पण त्या दिवशी पातं दोनदा सटकलं. पाठ निघाली. त्याने ताईंच्या मशीनचा पेचकस घेतला, आतले स्क्रू काढले, बॅटरीचं टोक चिमट्याने उचलून उलटं केलं.

मोहरीएवढा लाल ठिपका. कडेला जरा ओघळलेला. ओघळलेला म्हणून मला तो ओळखूही आला. त्या दुपारी दारावर कोणीतरी आलं होतं आणि माझा हात हलला होता.

ताई पलीकडून विचारत होत्या, "खराब आहे का रे?"

"खराब आहे," तो म्हणाला. "कंपनीचाच दोष आहे. नशीब एकेकाचं."

ताई पाणी प्यायला कोपऱ्यात वळल्या तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं? तिने कुठे टाकून घेतली ते?"

"नाही," मी म्हटलं. "मला कुठून माहीत असणार?"

हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय, आणि तेही कागदावर, त्याच्यासमोर नाही.

त्याने कपाटातली सगळ्यात चांगली बॅटरी काढली. खरी, कोरी, सीलबंद. ती बसवली, डिंक लावला, पाठ दाबून धरली. ताईंनी पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि त्याने ते घेतले नाहीत, तेव्हा त्या हसून काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, "घे रे. नवी आहे, माझ्यापेक्षा जास्त टिकेल." त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना वाटलं, भावाचा विनोद आहे, आपण म्हटला तर त्याला बरं वाटेल.

करावं तसं भरावं म्हणतात. साफ खोटं आहे. केलं त्याने आणि मी, भरलं ताईंनी.

इस्पितळाचा फोन पुन्हा आला नाही. ताई फोन उशाशी, शंभर टक्के भरून, चालू ठेवून झोपायच्या. साडेचार महिन्यांनी इस्पितळात मशीनवरच गेल्या. हृदय थांबलं. परिचारिकेने त्यांचे कपडे, चपला आणि फोन एका पिशवीत घालून आमच्या हातात दिला. फोन चालू होता.

तुम्ही म्हणाल, मग त्याने तो हिशेब पुसायचा डबा फेकून दिला असेल. फेकला, महिनाभर माळ्यावर. मग चष्मेवाला दोनदा येऊन गेला, घरात पोरांच्या शाळा आहेत, डबा खाली आला. ठिपके अजून मीच लावते. नेलपॉलिशचा रंग तेवढा बदललाय. लाल मी पुन्हा घरात आणला नाही.

बदललं असेल तर एकच. तो आता प्रत्येक अनोळखी नंबर उचलतो. हातातलं काम टाकतो, उभा राहतो, "हॅलो, बोला" म्हणतो. पलीकडून आईबहिणीवरून शिव्या येतात, कोणाचा फोन चाळीसवर बंद पडलेला असतो. तो सगळं ऐकून घेतो, शेवटपर्यंत. मग बसतो.

तो विनोदही त्याने सोडलाय. गिऱ्हाइकं विचारतात, "काय शंभर, आज गप्प गप्प?"

ताईंचा फोन आमच्या कपाटात आहे. महिन्यातून एकदा तो काढून चार्ज करतो, मी बघत नाहीये असं त्याला वाटतं तेव्हा. काल तो आंघोळीला गेल्यावर मी उघडून बघितलं. बॅटरीची तब्येत अठ्ठ्याण्णव टक्के. खरेच आहेत, मी पाठ काढून तपासलं. ठिपका नाही.